भाड्याच्या घरात बाथरूमला बुरशी : खर्च कोणी करायचा?

घोडबंदरची | ७ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय.

ठाण्याला घोडबंदर रोडवर वन बीएचके भाड्याने घेऊन आम्हाला १६ महिने झाले. लिव्ह अँड लायसन्स, २२ महिन्यांचा करार, रीतसर नोंदवलेला. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. इमारत पंधरा-सोळा वर्षांची, आम्ही चौथ्या मजल्यावर.

गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या छताला, गीझरच्या वरच्या कोपऱ्यात, राई सांडावी तसे बारीक काळे ठिपके आले. फडक्याने पुसले, गेले. दिवाळीपर्यंत मी विसरूनही गेले होते. या जूनमध्ये ते परत आले आणि आता तिथे ताटाएवढा डाग आहे. शिवाय दाराशेजारच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर रंगाला फुगे आलेत. काल एक फुगा अंगठ्याने दाबला तर आतून पाणी आलं. त्या भिंतीच्या पलीकडे बेडरूममधलं कपाट आहे. लेकीचा शाळेचा स्वेटर काढायला गेले तर त्यावर पांढुरकी बुरशी, आणि कपाट उघडल्याबरोबर तो कोंदट वास.

मालकांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते : "तुम्ही खिडकी बंद ठेवता, कपडे आत वाळवता, त्यामुळे झालंय. घर सोडताना रंगाचे १५ हजार डिपॉझिटमधून कापून घेईन."

मला भांडायचं नाहीये. माणूस एरवी सरळ आहे, कधी अडवणूक केलेली नाही. पण १५ हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही, आणि चूक नसताना ती का द्यायची हा प्रश्न आहे. यात न्याय्य काय, ते सांगा.

कोथरूडचे काका | ७ जुलै, रात्री ११.२५

मी मालकाच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा माझं मत त्या बाजूने झुकलेलं असेल हे आधीच सांगतो.

माझा एक फ्लॅट १२ वर्षं भाड्याने दिलेला आहे. पाच कुटुंबं राहून गेली. चौघांच्या वेळी बाथरूमला काही झालं नाही. पाचव्यांनी घर सोडलं तेव्हा छत काळं, दाराची चौकट खालून कुजलेली. बघतो तर व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्यांवर आतून पुठ्ठा चिकटवलेला, वरून सेलोटेप. डक्टमधली कबुतरं आत येतात म्हणून. एक्झॉस्ट फॅनचं बटण तर त्यांनी वर्षभरात दाबलं नसावं, पात्यांवर कबुतराचं घरटं होतं. रंग आणि चौकट मिळून ११ हजार गेले. ते मी कापले आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

ताई, तुमच्या घरी तसं नसेलही. पण प्रत्येक वेळी मालकच लबाड असतो असं धरून चर्चा पुढे नेऊ नका, एवढीच विनंती.

साइटवरून | ८ जुलै, सकाळी ७.१०

वॉटरप्रूफिंगची कामं गेली १९ वर्षं करतोय, बहुतेक ठाणे-कल्याण पट्ट्यातच. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

खर्च कोणाचा हा प्रश्न दुसरा. पाणी कुठून येतंय हा पहिला. बुरशी कोणालाच "होत" नाही, ती ओलीवर वाढते. ओल कुठली हे कळलं की जबाबदारी कोणाची हे ऐंशी टक्के वेळा आपोआप कळतं. लोक उलट्या क्रमाने जातात, म्हणून भांडणं होतात.

तुमच्या वर्णनावरून मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. छताच्या कोपऱ्यातले सुटे सुटे काळे ठिपके ही बहुतेक वाफेची बुरशी. आंघोळीची गरम वाफ वर जाते आणि खोलीतल्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे बाहेरची भिंत आणि बीम मिळतात त्या कोपऱ्यात, दवासारखी बसते. रोज बसली आणि रोज वाळली नाही की ठिपके येणारच. याउलट रंगाला फुगे, दाबल्यावर पाणी, पलीकडच्या खोलीत कपाटामागे ओल, हे वाफेचं काम नाही. भिंतीच्या आत पाणी आहे. एकतर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय, नाहीतर तुमच्या किंवा वरच्या बाथरूमच्या संकन स्लॅबमध्ये पाणी साठून उतरतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, ड्रेनेजचे पाइप त्यातूनच जातात, आणि वर फरशी. फरशीच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट झिजलं किंवा नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडाचा) जोड सुटला की पाणी त्या कोब्यात मुरतं. वरून फरशी कोरडी दिसते, खाली मात्र डबकं असतं. ते महिनोन्महिने भिंतीत चढत किंवा खालच्या छतात उतरत राहतं.

घरच्या घरी एक चाचणी करा, खर्च शून्य. दोन्ही डाग कोरड्या फडक्याने पुसा, पंखा लावून वरचा पृष्ठभाग पूर्ण सुकू द्या. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक दिवस एक रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे तुमच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. फोटो काढा, तारखेसकट.

आणि एक प्रामाणिक प्रश्न. काकांनी लिहिलं तसं तुमच्याकडे व्हेंटिलेटर झाकलेला आहे का?

घोडबंदरची | ८ जुलै, सकाळी ९.०५

हो. खरं तेच लिहिते. मार्चमध्ये कबुतरांनी आत घाण केली म्हणून आम्ही पट्ट्यांच्या मागे थर्माकोल बसवला, तो आजही आहे. एक्झॉस्ट फॅन या घरात नाहीच, फक्त त्याच्यासाठी सोडलेलं गोल भोक आहे आणि त्याला पत्रा लावलाय. आम्ही आलो तेव्हापासून तसाच. कपडे पावसाळ्यात आत वाळतात हेही खरं, बाल्कनी नाही.

आज रात्री दोन्ही ठिकाणी प्लॅस्टिक लावते.

लेकरांची आई | ८ जुलै, दुपारी १.३०

खर्चाचं तज्ज्ञ सांगतील. मी फक्त एवढंच सांगायला आले की घरात लहान मूल आहे तर कपाट आधी त्या भिंतीपासून हलवा. माझ्या मोठ्याला दमा आहे. आधीच्या घरी त्याचा पलंग अशाच ओल्या भिंतीला टेकून होता आणि रात्री दोन-दोन वेळा पंप द्यावा लागायचा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : घरात कुठे ओल आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि दम्याचा, श्वसनाच्या त्रासाचा संबंध त्यात स्पष्ट मांडला. कोणाचे पैसे हे ठरेपर्यंत मुलीला त्या भिंतीजवळ झोपवू नका.

काळा कोट नाशिक | ८ जुलै, रात्री ९.५०

कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण दरवेळी अर्धवट माहिती फिरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोग्या अवस्थेत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

हे वाचून लोक खूश होतात. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. त्याचा मूळ आधार १८८२ चा सुविधाधिकार कायदा आणि त्याहून जास्त स्वतःचा करार. म्हणून ताई, कलम १४ चा हवाला देऊन उद्या भाड्यातून पैसे कापायला जाऊ नका. करार काढा आणि देखभालीचं कलम वाचा. नेहमीच्या मसुद्यात साधारण असं असतं की लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत ठेवावी आणि त्याच्याकडून झालेलं नुकसान स्वखर्चाने भरून द्यावं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. "त्याच्याकडून झालेलं" हे शब्द महत्त्वाचे. वरच्या मजल्याचा पाइप गळणं तुमच्याकडून झालेलं नाही. थर्माकोल मात्र तुमच्याकडून झालेला आहे.

१८८२ च्याच कायद्यात कलम ५७ आहे. जागेत धोकादायक ठरेल असा दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. आधीच्या भाडेकरूच्या काळीही ती भिंत ओली व्हायची का, हे शेजारी किंवा वॉचमनकडे सहज विचारा.

केंद्राने २०२१ मध्ये आणलेला आदर्श भाडेकरू कायदा महाराष्ट्रात तुम्हाला लागू नाही, पण वाटणी कशी असावी याचा अंदाज त्याच्या परिशिष्टातून येतो. इमारतीच्या गाभ्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं मालकाकडे. नळाचे वॉशर, नाल्यांची सफाई, बेसिन-गीझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. मालकाशी बोलताना हा नमुना समोर ठेवायला हरकत नाही.

शेवटचं, आणि हे जीव तोडून सांगते. "डिपॉझिट देत नाही तोवर घर सोडत नाही" असं करू नका. मुदत संपल्यावर लायसन्सी जागेत राहिला तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागते. १५ हजारांच्या वादात ४८ हजार महिना अंगावर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्युनिकवासी | ९ जुलै, पहाटे २.१५

इथे जर्मनीत हा विषय इतका नेहमीचा आहे की घरभाड्याच्या बऱ्याच करारांतच दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदलायचं कलम असतं. त्याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, मग बंद. आम्ही नवे असताना थंडीच्या भीतीने खिडक्या उघडत नव्हतो, रोज भात-आमटी शिजायची, आणि फेब्रुवारीत खिडकीच्या चौकटीला काळी रेघ उमटली.

घरात दोष असेल तर जर्मन नागरी संहितेच्या कलम ५३६ नुसार भाडं कमी होतं. पण दोष दिसला की तो मालकाला ताबडतोब कळवायचा, ही राहणाऱ्याची जबाबदारी. कळवलं नाही आणि नुकसान वाढलं तर भरपाई आपल्याच गळ्यात. आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की जुनी इमारत तिच्या बांधकामाच्या काळातल्या नियमांप्रमाणे असेल तर केवळ थंड कोपऱ्यांमुळे बुरशीचा धोका आहे म्हणून तिला सदोष म्हणता येणार नाही. म्हणजे इथेही राहणाऱ्याला आपल्या सवयींचं उत्तर द्यावं लागतं.

लेस्टरकर | ९ जुलै, दुपारी ३.००

इंग्लंडचंही सांगतो, कारण इथे हा प्रश्न एका बाळाच्या मृत्यूने ऐरणीवर आला. रॉचडेलमध्ये सामाजिक (कमी भाड्यात घरं देणाऱ्या) गृहसंस्थेच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० च्या डिसेंबरात गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. आईवडील वारंवार तक्रार करत होते आणि त्यांनाच रंग मारून घ्यायला सांगितलं गेलं होतं. त्याच्या नावाने आता कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या मालकांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आल्यावर दहा कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल.

"वरून रंग मारून घ्या" हे उत्तर ऐकलं की मला आता राग येतो, तो यामुळे.

घोडबंदरची | १० जुलै, सकाळी ८.२०

प्लॅस्टिक काढलं. छताच्या डागावर थेंब बाहेरच्या बाजूला, मागची बाजू कोरडी. दाराशेजारच्या भिंतीवर उलट : बाहेरून कोरडं आणि मागे इतके थेंब की टेप सोडताच ओघळ आला. म्हणजे साइटवरून यांनी लिहिलं तेच, दोन वेगळ्या गोष्टी.

कपाट हलवलंय. मागची प्लायवूडची पाठ काळी पडली आहे, हाताने दाबली तर स्पंजासारखी दबते.

वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या आधीच्या लोकांनीही त्याच भिंतीची तक्रार केली होती, मग मालकांनी वरून रंग मारून घेतला.

साइटवरून | १० जुलै, सकाळी ८.५५

रंग मारून घेतला म्हणजे डाग झाकला, पाणी तिथेच राहिलं. प्लॅस्टिक पेंट असेल तर आणखी वाईट, आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फुगे येतात.

आता पुढचं. रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा बघा, सकाळी परत बघा. आकडा हलला तर तुमची लाइन गळतेय. नाही हलला तर वरच्या घराची परवानगी काढून पाणी साठवायची चाचणी करायची. त्यांच्या नहाणीला ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवायचा, जमिनीवर दोन बोटं पाणी, त्यात खाण्याचा केशरी रंग, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण, आणि २४ तास वाट. आधी हेच तुमच्या बाथरूममध्ये करा, म्हणजे वरच्यांना उगीच त्रास नको.

छताचे ठिपके तुम्ही स्वतः साफ करू शकता. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. कोरडं खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने पुसा, मग पातळ केलेलं ब्लीच, दार उघडं ठेवून. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. बाथरूम बंद आणि लहान, त्यात माणूस गुदमरतो. आणि फरशी अ‍ॅसिडने धूत असाल तर आजपासून बंद करा. तेच अ‍ॅसिड सांध्यांतलं सिमेंट खातं.

चाळकरी गिरगाव | १० जुलै, दुपारी १२.१०

आम्ही पागडीवाले. भाडं शंभराच्या घरात, मालक दुरुस्तीला हात लावत नाही, त्याचंही म्हणणं की या भाड्यात काय दुरुस्त करू. सामाईक मोरीची भिंत माझ्या लहानपणापासून हिरवी आहे. तुमच्याकडे निदान प्रश्न विचारायला करार आहे. लिहून घ्या सगळं, तोंडी काही ठेवू नका.

कोथरूडचे काका | १० जुलै, रात्री १०.००

ताई, तुम्ही थर्माकोलचं कबूल केलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. भिंतीचा खर्च तुमच्या मालकाचाच. मी त्यांच्या जागी असतो तर एक रुपया कापला नसता.

आणि एक गोष्ट मालक म्हणून सांगतो जी भाडेकरूंना कळत नाही. वरच्या फ्लॅटला किंवा सोसायटीला तुम्ही पत्र देऊन फारसं काही होत नाही. तुम्ही सभासद नाही, समिती तुमचं पत्र बाजूला ठेवते. पत्र मालकाच्या सहीनेच गेलं पाहिजे. बाहेरची भिंत, गच्ची, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीकडे. एका फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती त्या फ्लॅटवाल्याकडे. म्हणून मालकाला "दुरुस्त करा" असं म्हणण्याऐवजी "सोसायटीला आणि वरच्यांना पत्र द्या, मसुदा मी लिहून देते" असं म्हणा. काम पटकन हलतं.

मी स्वतः आता चावी देताना बाथरूमच्या छताचा, चारही कोपऱ्यांचा, नहाणीचा फोटो काढतो आणि भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करतो. त्या अकरा हजारांच्या वेळी माझ्याकडे असा एकही फोटो नव्हता. तो गृहस्थ म्हणाला होता, "आधीपासूनच असं होतं." मी ऐकलं नाही. चौकट खालून कुजायला एक वर्ष पुरतं का, हा विचार आज हा धागा वाचताना पहिल्यांदा मनात आला.

साइटवरून | १० जुलै, रात्री १०.३५

काका, सागवानी चौकट एका वर्षात कुजत नाही. खालून पाणी असणार.

घोडबंदरची | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५

धागा वर काढतेय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला.

मीटर हलला नाही. आमच्या बाथरूमच्या चाचणीत पातळी तशीच राहिली. वरच्या आजी आधी तयार नव्हत्या, दुरुस्तीचा खर्च अंगावर येईल ही भीती. मी त्यांना घरी बोलावून ती भिंत दाखवली, हात लावून बघितला त्यांनी, आणि मग हो म्हणाल्या. चाचणीत २४ तासांत त्यांच्याकडचं पाणी पेन्सिलीच्या खुणेच्या बरंच खाली गेलं आणि आमच्या दाराच्या चौकटीवरून केशरी ओघळ उतरला. तो फोटो मालकांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. पहिलं वाक्य होतं, "१५ हजारांचं विसरा."

पत्राचा मसुदा मी लिहिला, सही मालकांची. वरच्या नहाणी ट्रॅपचा जोड सुटलेला निघाला. तो बदलला, सांधे नव्याने भरले. खर्च आजींच्या मुलाने केला.

छताचं आम्ही आमच्याकडे घेतलं. थर्माकोल काढला, डाग पुसला. एक्झॉस्ट फॅन आणि कबुतरांसाठी बाहेरून जाळी मालकांनी बसवून दिली, वीज आमची. आंघोळीनंतर वीस मिनिटं फॅन चालतो, दाराखाली बोटभर फट आहे तिथून हवा येते. कपाटाच्या पाठीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ते आमचंच होतं आणि मला आता मागावंसं वाटत नाही.

भिंत अजून ओली आहे. साइटवरून यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) सांगितलं की आतलं पाणी सुकायला दोन-तीन महिने लागतील, तोवर रंग लावू देऊ नका. मालक गणपतीच्या आधी रंग मारून घ्यायचं म्हणत होते. त्यांना परत प्लॅस्टिक चिकटवून दाखवलं, मागे थेंब होतेच. आता दिवाळीनंतर बघू.

करार जानेवारीत संपतोय. पुढच्या करारात घालायचा मजकूर त्यांनीच पाठवलाय : भिंतीतून किंवा छतातून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती मालकाकडे, फॅन चालवणं, व्हेंटिलेटर उघडा ठेवणं आणि साफसफाई राहणाऱ्याकडे, ओल दिसल्यापासून आठ दिवसांत लेखी कळवायचं, कारण ठरत नसेल तर चाचणीचा खर्च निम्मा-निम्मा. काळा कोट ताई, यात काही भर घालायची असेल तर सांगा.